समोरचा चेहरा

तोयोको: आणि ती पिशवी मी उचलणार नाही. तिसऱ्यांदा सांगतेय, सेरासाहेब.

सेरा: पिशवीत काय धोंडे भरलेत का, कुगिमियाबाई? अठ्ठावीस वह्या आहेत. वर जायचं, खिडकीत द्यायच्या. भिक्षुणीबाई प्रत्येक वहीत ब्रशने मंदिराचं नाव लिहितील, लाल शिक्का मारतील, की खाली यायचं. सकाळपासून सहा मंदिरांत हेच केलंत ना?

तोयोको: सहा मंदिरांत माणसं आत गेली, बुद्धापुढे उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात मी वह्या लिहून आणल्या. इथे माणसं बसमध्ये चहा पिणार आणि वह्या दर्शनाला जाणार. उद्या म्हणाल, नुसत्या वह्याच फिरवून आणू, माणसं घरी राहू देत.

सेरा: कल्पना वाईट नाही. बसमध्ये जागा तरी होईल.

तोयोको: तुम्ही विनोद केलात असं समजते.

सेरा: हे बघा, आपण जाहिरातीत छापलंय. एका दिवसात क्योतो आणि नारा, सात मंदिरं, सात शिक्के. सातव्या मंदिराला एकशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत हा माझा गुन्हा नाही. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही सगळ्यांना वर घेऊन गेलात. चाळीस मिनिटं उशीर झाला, चौघांची तोक्योची गाडी चुकली. म्हणून कंपनीने ठरवलं, या जाकुओन मंदिरापाशी पाहुणे बसमध्येच थांबतील.

तोयोको: गाडी चुकलेल्या चौघांपैकी एकानेही तक्रार केली नाही. तक्रार केली ती खाली बसून राहिलेल्या गृहस्थाने.

सेरा: तक्रार ती तक्रार. आणि ती एकटी नाही. मायक्रोफोनवर तुम्ही गाइडच्या पुस्तकातलं सगळं बोलत नाही, वाक्यं गाळता, अशीही एक आहे.

तोयोको: वाक्यं नाही. वाक्य. एकच.

सेरा: एक असो नाहीतर शंभर. म्हणून तर आज मला तुमच्याबरोबर पाठवलंय. मला हौस नव्हती. दुपारी नाराच्या बागेत हरणाने माझ्या हातातलं टाइमटेबल खाल्लं, बूट ओले झाले, पण रिपोर्ट मलाच द्यायचाय. तेव्हा स्पष्ट सांगतो. आज बस पावणेचारला इथून हलली नाही, तर सोमवारपासून तुम्ही ऑफिसात, फोनच्या टेबलावर. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर असं व्हावं असं मलाही वाटत नाही.

तोयोको: वाटत नाही ना? मग बोलू नका. वरच्या करुणामूर्ती कान्नोनचं दार वर्षातून तीन दिवस उघडतं. आज तिसरा दिवस, आणि चारला बंद होणार. मी विचारणार होते, कोण कोण येतंय. तर तुम्ही त्याआधीच चहा आणि गोड मांजू वाटून मोकळे. हातात गरम चहा असलेला माणूस कशाला उठेल?

सादा: मी उठलेय. जरा बाजूला व्हा दोघं. बसची पायरी दिसत नाहीये मला.

सेरा: अहो आजी, तुम्ही कशाला उतरताय? गार वारा आहे. तुमचा शिक्का जागेवर येईल. वही दिलीत ना माझ्याकडे?

सादा: माझ्याकडे वहीच नाही.

सेरा: वही नाही? मग सात मंदिरांच्या सहलीला तुम्ही...

सादा: सातांसाठी नाही आले, एकासाठी आले. बाकीची सहा तुम्ही वाटेत दाखवलीत, आभारी आहे. हे सातवं मी माझं बघते.

सेरा: ओमिचीबाई, यादीत तुमचं वय चौऱ्याऐंशी लिहिलंय.

सादा: बरोबर लिहिलंय.

सेरा: आणि पायऱ्या एकशे त्रेसष्ट आहेत.

सादा: तेही बरोबर आहे. हिशोब जुळला तर मी निघू का?

सेरा: वर काही झालं तर कोण जबाबदार? या पायऱ्यांवर कंपनीचा विमा लागू नाही. तसं तुम्हाला लिहून द्यावं लागेल.

सादा: द्या कागद. सही कुठे करू?

सेरा: कागद... तो ऑफिसात आहे.

सादा: मग जाऊन घेऊन या. तोवर मी वर जाऊन येते.

तोयोको: आजी, माझा हात धरा. काठी उजव्या हातात असू दे. डावीकडचा कठडा पक्का आहे, उजवा हलतो. साहेब, तुम्ही थांबा खाली, चहा प्या.

सेरा: आणि अठ्ठावीस शिक्के? ते कोण आणणार?

तोयोको: पिशवीला पट्टा आहे. खांद्याला लावली की दोन्ही हात मोकळे राहतात.

सेरा: हे सगळं रिपोर्टमध्ये जाईल, बाई. आणि मीही येतोय मागून.

तोयोको: जाऊ द्या. अक्षर मोठं काढा म्हणजे झालं.

सादा: किती पायऱ्या झाल्या गं?

तोयोको: एकतीस. टेकायचंय?

सादा: मला नाही. साहेबांना विचार. मागून भाता चालल्यासारखा आवाज येतोय.

सेरा: मी... ठीक आहे.

तोयोको: पर्सिमनच्या पानातली सुशी दोन डबे खाल्ल्यावर कोण ठीक राहील?

सेरा: एक डबा उरला होता. टाकून द्यायचा का?

तोयोको: आजी, एक विचारते. सकाळपासून मी ड्रायव्हरच्या मोठ्या आरशात बघतेय. मी बोलायला लागले की तुमचे ओठ हलतात. तोजी मंदिराचा मनोरा आला, हलले. उजीचा पूल आला, हलले. मी श्वास घ्यायला थांबले की तुम्हीही थांबायचात.

सादा: दिसलं होय तुला? मला वाटलं, मी नुसती मनात म्हणतेय.

तोयोको: आणि आत्ता इथे येताना मी थांबले आणि तुमचे ओठ एकटेच पुढे गेले.

सादा: जुनी खोड गं. एकोणसाठ साली मी या बसवर चढले. म्हणजे हिच्या पणजीवर म्हण. निळा गणवेश, पांढरे हातमोजे, डोक्यावर तिरकी टोपी. नऊ वर्षं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात टोपी काढून घेतली. लग्न झालेली बाई तेव्हा गाइड म्हणून चालत नसे. नवरा बरा निघाला, पण टोपी गेली ती गेलीच.

सेरा: आमच्या कंपनीत? तुम्ही आमच्या कंपनीत होतात?

सादा: तुम्ही माझ्या कंपनीत आहात, बाळा. आधी मी होते.

तोयोको: मग हे मंदिर तुम्हाला नवीन नाही.

सादा: नऊ वर्षं दिवसातून दोनदा इथे बस लागायची. वर एकदाही गेले नाही.

सेरा: का बरं?

सादा: तुमच्यासारखाच एक साहेब होता म्हणून. गाइडने बस सोडायची नाही, असा हुकूम. पाहुण्यांना वर न्यायला मंदिराचा माणूस यायचा. आम्ही खाली काचा पुसायच्या, पायरी धुवायची, ड्रायव्हर घोरत असेल तर त्याला हलवायचं, आणि बस मागे घेताना शिट्टी मारायची. बोलताना तर काय, पाहुण्यांकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ. नऊ वर्षं मी हे शहर मागे पळतानाच बघितलं. प्रत्येक देऊळ मला दिसायचं ते निघून जाताना.

तोयोको: रस्त्याकडे पाठ अजूनही असते, आजी.

सादा: पण तू वर जातेस. सकाळी तुझे बूट बघितले, टाचा पार झिजल्यात. तेव्हाच म्हटलं, हिचा हात धरला की आपण पोचतो. किती झाल्या?

तोयोको: अठ्ठावन्न.

सेरा: रजेच्या दिवशी नाही का आलात तेव्हा? किंवा नंतर, संसारातून वेळ काढून?

सादा: हे तीन दिवस नोव्हेंबरातले. ऐन हंगाम. हंगामात गाइडला रजा कोण देतो? तुम्ही देता का?

सेरा: नाही.

सादा: आणि नंतर मी निइगाताला गेले, बर्फात. नोव्हेंबरात आमच्याकडे मुळे काढायचे, मिठात घालायचे, सासू अंथरुणावर. हे सगळं रडायला सांगत नाही हो. चांगलं आयुष्य झालं माझं. फक्त हे एक राहिलं होतं.

सेरा: पुढच्या वर्षी आलात तर आम्ही तुमच्यासाठी खास व्यवस्था...

सादा: पुढच्या वर्षाचं मला सांगू नका. चढा.

सेरा: एक मिनिट थांबा. साडेतीन होऊन गेले, पावणेचारला आपण काही खाली नसणार. ड्रायव्हर मुकाईला फोन लावतो. हॅलो, मुकाई? सेरा बोलतोय. तुम्ही पाहुण्यांना घेऊन क्योतो स्टेशनला निघा. हो, आत्ता. आमच्याशिवाय. आम्ही टॅक्सीने मागून येतो. काय? का नाही? अहो, मागे सगळं मोकळं आहे. कुठला नियम? मी सांगतोय ना तुम्हाला. मुकाई? हॅलो, मुकाई?

तोयोको: काय म्हणतो?

सेरा: बस भिंतीकडे तोंड करून उभी आहे म्हणतो. आणि गाइडच्या शिट्टीशिवाय बस मागे घ्यायची नाही. सुरक्षा पुस्तिका, पान चौदा.

तोयोको: पान चौदा गेल्या वर्षी तुम्हीच लाल अक्षरात छापून घेतलंत.

सेरा: बावीस वर्षं बस चालवतो तो. त्याला शिट्टी लागते?

तोयोको: शिट्टी लागत नाही. नियम लागतो. तो मोडला की पगारवाढ अडते, हे त्याला तुमच्याच सहीच्या पत्राने कळवलंय.

सेरा: मग ती गळ्यातली शिट्टी द्या इकडे. मी जातो खाली.

तोयोको: घ्या की. शिट्टीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालंय ना तुमचं? प्रमाणपत्र आहे? त्यावर सही तुमचीच लागते, म्हणून विचारलं.

सेरा: तुम्ही दोघांनी हे आधी ठरवलं होतंत.

तोयोको: नाही. मुकाई स्वतःचं स्वतः ठरवतो. तुम्ही त्याला कधी काही विचारलं नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नाही. साहेब, बस आता आपल्याशिवाय जात नाही. तुम्हाला उशीर होणारच, मलाही होणार. रिपोर्ट लिहून झाल्यासारखाच आहे. आता तरी सरळ चढा.

सादा: मी जरा टेकते इथे. कितवी ही?

तोयोको: एकशे चौथी. पाणी घ्या.

सेरा: बसलोच आहोत तर सांगाच, कुगिमियाबाई. कुठलं वाक्य गाळता? पुस्तक आहे माझ्याकडे. पान एकसष्ट, जाकुओन मंदिर. "आठव्या शतकातली लाकडी मूर्ती..." हे म्हणालात. "वीज पडूनही गाभारा वाचला..." हेही म्हणालात. "आणि आतली करुणामूर्ती कान्नोन मंद हसते आहे, दुरून घरी येणारं लेकरू दिसावं तशी."

तोयोको: तेच.

सेरा: इतकं सुंदर वाक्य? सगळ्या पुस्तकात हे एकच वाक्य लोक लिहून घेतात. आमच्या माहितीपत्रकावरही तेच आहे. का गाळता?

तोयोको: वर गेल्यावर सांगेन.

सादा: आत्ता सांगू नकोस. मला काहीच सांगू नकोस. साहेब, ते वाक्य माझं आहे.

सेरा: तुमचं म्हणजे?

सादा: माझं म्हणजे माझं. एकसष्ट साल असेल. पाहुणे वर गेले होते, मी काचा पुसत होते. एक गृहस्थ बसमध्येच बसले होते. लढाईत एक पाय गेलेला, लाकडी पाय लावलेला. त्यांनी मला विचारलं, बाई, वरच्या कान्नोनचा चेहरा कसा आहे हो? आता मी काय सांगू? हातमोजे घातलेले, टोपी घातलेली, आणि म्हणू, मला माहीत नाही? गाइडने "माहीत नाही" म्हणायचं नाही, हा आमचा पहिला धडा. चुकलं तरी चालेल, अडायचं नाही.

तोयोको: तो धडा अजून तोच आहे.

सादा: मी अडले नाही. म्हटलं, हसते आहे. मंद. दुरून घरी येणारं लेकरू दिसावं तशी. कुठून आलं तोंडात कोण जाणे. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, आणि मग कितीतरी वेळ पायऱ्यांकडे बघत बसला. जाताना खाली वाकून मला नमस्कार केला. मला, अठरा-वीस वर्षांच्या पोरीला.

सेरा: मग?

सादा: मग काय. दुसऱ्या दिवशी सगळ्या बसला तेच सांगितलं. लोक खूश. आमच्या मुख्य गाइडबाईंच्या कानावर गेलं, त्यांना आवडलं, त्यांनी पुस्तकात घातलं. कुणी विचारलंच नाही, तू बघितलंस कधी? त्याही वर गेल्या नव्हत्या.

सेरा: म्हणजे साठ वर्षं आम्ही...

सादा: साठ वर्षं तुम्ही माझी थाप सांगताय. थाप आहे की नाही ते अजून ठरायचंय. तेच बघायला निघालेय. खरं असलं तर बरं. खोटं असलं तर त्या माणसाला मी फसवलं, आणि त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांना. उठव मला, पोरी. वेळ चाललाय.

(वर, गाभाऱ्याच्या चौकटीच्या आत. दार उघडं आहे. सादा गुडघे दुमडून जमिनीवर बसली आहे, तोयोको तिच्या मागे. सेरा वह्यांची पिशवी घेऊन शिक्क्यांच्या खिडकीकडे गेला आहे.)

तोयोको: समईजवळ सरकायचंय का? मी आधार देते.

सादा: नको. दिसतंय.

तोयोको: बरं.

सादा: हसत नाहीये.

तोयोको: नाही.

सादा: मी सगळीकडून बघितलं. डावीकडून क्षणभर वाटलं, ओठाचा कोपरा वर गेलाय. पण ती भेग आहे. लाकडाची.

तोयोको: मीही पहिल्यांदा त्या भेगेला फसले होते.

सादा: कधी आलीस तू पहिल्यांदा?

तोयोको: नोकरीच्या चौथ्या वर्षी. पाहुण्यांतली एक मुलगी वरच राहिली म्हणून शोधायला आले, आणि उभीच राहिले. खाली जाऊन मायक्रोफोन घेतला, सगळं म्हटलं, आणि त्या वाक्यापाशी तोंड उघडेना. तेव्हापासून गाळते. दुसरं काय सांगावं ते मला सुचत नाही, म्हणून मधे गप्प राहते.

सादा: बावीस वर्षं गप्प राहतेस आणि मला कुणी कळवलं नाही.

तोयोको: तुमचा पत्ता कुठे होता आमच्याकडे? आजी, वाईट वाटलं?

सादा: वाटलं. खोटं कशाला बोलू आता. तो माणूस डोळ्यांपुढून जात नाही. वर येणं त्याच्या नशिबात नव्हतं, आणि मी त्याच्या हातात काय दिलं, तर माझ्या मनचं काहीतरी. मला म्हणता आलं असतं, माहीत नाही, मलाही वर जाऊ देत नाहीत. आम्ही दोघं खाली अडकलेले होतो गं. तेवढं खरं तरी बोलता आलं असतं.

सेरा: कुगिमियाबाई.

तोयोको: झाले शिक्के?

सेरा: नाही. अठ्ठावीस वह्या तशाच आहेत.

तोयोको: खिडकी बंद झाली?

सेरा: उघडी आहे. भिक्षुणीबाईंनी ब्रश हातात घेतला, पहिली वही उघडली आणि विचारलं, ही कुणाची? ते कुठे आहेत? मी म्हटलं, बसमध्ये. दुसरी? बसमध्ये. पाच वह्यांपर्यंत विचारलं, मग ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, पूर्वी लोक बुद्धाचं सूत्र हाताने लिहून आणायचे, तेव्हा हा शिक्का मिळायचा. मग नुसतं दर्शन घेतलं तरी देऊ लागलो. आता तेही सोडायचं म्हणता, तर मी कशाची पोच देऊ? अजिबात चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला काही बोलता आलं असतं.

तोयोको: मग?

सेरा: मग मला विचारलं, तुम्ही तरी आत जाऊन आलात का? मी म्हटलं, वेळ नाही. त्यांनी वह्या माझ्याकडे सरकवल्या आणि गाभाऱ्याकडे बोट केलं. म्हणून आलो. जरा सरका.

सादा: या, बसा. पाय असे घ्या. बुटांसारखेच मोजेही ओले आहेत तुमचे.

सेरा: ही ती?

सादा: हीच ती.

सेरा: ही तर हसत नाही.

सादा: तुमच्या माहितीपत्रकावर हसते.

सेरा: थांबा, थांबा. खिडकीपाशी हा मंदिराचा कागद मिळाला. यात लिहिलंय, मूर्तीला अकरा चेहरे आहेत. डोक्यावर जे लहान चेहरे आहेत ना, त्यांतला मागचा एक, जो समोरून दिसत नाही, तो हसतोय. अगदी तोंड उघडून. बघा ना. म्हणजे पुस्तकातलं वाक्य चूक नाही. कुठलातरी चेहरा हसतोच आहे. वाक्य राहू शकतं, तक्रार मिटते, आजींच्या मनालाही...

सादा: तो मागचा चेहरा कुणाला हसतोय? लिहिलंय का?

सेरा: लिहिलंय. माणसांच्या मूर्खपणाला.

सादा: मग मलाच हसत असेल, हसू दे. पण साहेब, त्या माणसाने मला समोरचा चेहरा विचारला होता. मी समोरच्याबद्दल बोलले होते. मागच्या दाराने मला सोडवू नका.

सेरा: मी तुमच्या भल्यासाठी म्हटलं.

सादा: माहीत आहे. तरी नको. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई एकशे त्रेसष्ट पायऱ्या चढून आली, ती पळवाट शोधायला नाही आली.

सेरा: बरं. मग आम्ही पुस्तकात काय घालायचं? हे वाक्य काढलं तर तिथे भोक पडेल. तुम्हीच सांगा, काय आहे या चेहऱ्यावर? तुम्हाला शब्द सुचतात.

सादा: मला दिसतंय ते असं. कुणीतरी येऊन आपलं गाऱ्हाणं सांगतंय, लांबलचक, मधेच विसरतंय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतंय. आणि ही ऐकतेय. मान डोलवत नाही, समजूत घालत नाही, मधे बोलत नाही. नुसती शेवटपर्यंत ऐकतेय. हसली असती तर सोपं गेलं असतं. तिलाही आणि आपल्यालाही.

सेरा: थांबा, लिहून घेतो. "शेवटपर्यंत..."

सादा: ठेवा ते पेन.

सेरा: का? हे आधीच्यापेक्षा चांगलं आहे.

सादा: म्हणून तर. चांगलं आहे म्हणून पुन्हा साठ वर्षं बसमध्ये वाजवाल, आणि माणसांना खाली चहा पाजाल. एकदा केलं ते पुरे झालं. लिहू नका काही. माणसांना वर आणा. ज्यांना चढवत नाही त्यांना सांगा, आम्हाला शब्दांत सांगता येत नाही, माफ करा.

सेरा: गाइडने असं म्हणायचं?

तोयोको: मी म्हणेन. आत्ता खाली गेल्यावर पहिलं हेच म्हणणार आहे. आणि वह्यांची सातवी पानं कोरी का आहेत, तेही सांगेन. रागावायचं तर माझ्यावर रागावू देत.

सेरा: कुगिमियाबाई, तुम्हाला कळतंय ना, मला रिपोर्ट द्यावाच लागेल? उशीर झाला हे खरं आहे. वाक्य गाळता हेही खरं आहे. मी खोटं लिहू शकत नाही. निदान इथे बसून तरी नाही.

तोयोको: लिहा. उशीर झाला, लिहा. किती मिनिटं ते लिहा. कशासाठी झाला, तेही लिहा, एवढंच मागते. मग सोमवारी बसवा फोनच्या टेबलावर. कुणी फोन करून विचारलं, जाकुओनला काय बघण्यासारखं आहे, तर मी म्हणेन, पायऱ्या आहेत, चढा. कुणी विचारलं, मूर्ती हसते का, तर म्हणेन, नाही. प्रत्येक फोनला म्हणेन. त्यानंतर मला कुठे बसवायचं ते कंपनी बघेल.

सेरा: फोनच्या टेबलावर तुम्ही जास्त त्रास द्याल.

तोयोको: सव्वीस वर्षं पाठांतर झालंय. आवाजही चांगला आहे माझा.

सेरा: मुकाईचा फोन येतोय. हॅलो. हो, वरच आहोत. काय? किती जण? कशाला उतरले? कुणी सांगितलं त्यांना? बरं. बरं, मुकाई. नाही, अडवू नका. फक्त म्हणावं, उजवा कठडा धरू नका. तो हलतो.

तोयोको: कोण येतंय?

सेरा: सहा जण. मुकाईने मायक्रोफोनवर सांगितलं म्हणे, की यादीतली सगळ्यांत म्हातारी बाई वर गेलीय, म्हणून बस थांबलीय. बाकीचे चहाच पीत बसलेत. या सहांनाही दार बंदच दिसणार. चारला दोन मिनिटं आहेत.

तोयोको: आजी, भिक्षुणीबाई दाराचा अडसर घेऊन आल्यात. उठायचं का? मी हात देते.

सादा: तू हात दिलास की मी उठेन, मला माहीत आहे. म्हणून देऊ नकोस.

तोयोको: चार वाजले, आजी. त्यांना दार लावायचंय.

सादा: लावू देत. त्यांना म्हणावं, आधी मला उचलून बाहेर ठेवा. मी अजून बघतेय.